जबडा

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. मी उघडलं. ते वाट बघत राहिले. मग जरा आवाज चढवून म्हणाले, "अहो, उघडा ना." म्हणजे मी उघडलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. माझी मुलगी अर्पिता बाजूला उभी होती, ती म्हणाली, "डॉक्टर, एवढंच उघडतं." मग त्यांनी माझाच हात धरून माझीच तीन बोटं एकावर एक अशी उभी माझ्या तोंडात घालायला लावली. दीड बोट गेलं. दुसरं बोट अर्ध्यात अडकलं आणि उजव्या कानापासून कानशिलापर्यंत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अठरा मिलिमीटर, असं त्यांनी पट्टी लावून कागदावर लिहिलं. चाळीसच्या आसपास हवं म्हणे. शाळेत मला गणितात मार्क कायम पस्तीसच्या वर असायचे, हे मला उगाच आठवलं.

"मावा? गुटखा?" "नाही." "सुपारी?" "नाही हो." त्यांनी अर्पिताकडे बघून खात्री करून घेतली. त्यांचीही चूक नाही. आमच्या जिल्ह्यात तोंड उघडत नाही म्हटलं की पहिला संशय पुडीवर जातो. जिल्हा परिषदेत मी आवक-जावकला बसते, तिथला आमचा शिपाई गुंडाप्पा, ज्याचे दात गेली वीस वर्षं कुणी पांढरे बघितलेले नाहीत, तो परवा माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आता तुमी बी सोडा. म्या बी सोडणार हाय." मला हसायला आलं, पण हसायलासुद्धा जबडा लागतो. साहेबांच्या वाढदिवसाला बायकांनी केक भरवला तो हनुवटीवरून साडीवर आला. पाच महिने मी भाकरी दुधात कुस्करून, वरणभात बोटांनी ओठांच्या आत ढकलून जेवत होते. त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. मला एकच गोष्ट पाहिजे होती. कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, की या बाईचं तोंड खरोखर उघडत नव्हतं. तो कागद मला माझ्या भावाला दाखवायचा होता.

सोलापूरहून दर गुरुवारी धाराशिवला येणारे हे जबड्याचे सर्जन. वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस असलेले. एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून त्यांनी मला माझाच सांधा दाखवला. दोन हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते, ती पुढं सरकून अडकलीय. "आधी वाजायचं का हो कानापाशी?" वाजायचं. सात-आठ वर्षं जेवताना कट्ट वाजायचं. अर्पिता लहान असताना माझ्या गालाला कान लावून ऐकायची आणि खिदळायची. मग एक दिवस वाजायचं बंद झालं आणि मी म्हटलं, चला, पीडा गेली. डॉक्टर म्हणाले, "वाजायचं थांबलं तेव्हाच अडकलं. कधी थांबलं?" मी म्हटलं, "श्रावणात कधीतरी." खोटं. मला दिवस माहीत होता. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, डब्यातली शिळी चपाती खाताना. पंचमीला मी माहेरी गेले नव्हते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच गेले नव्हते. ऑफिसात ऑडिट आहे, असं आईला फोनवर सांगितलं होतं. ऑडिट पुढच्या महिन्यात होतं. "रात्री दात खाता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणायच्या आत अर्पिता म्हणाली, "खाते. मला शेजारच्या खोलीत ऐकू येतं." पोटच्या पोरी अशा भलत्या जागी खऱ्या बोलतात.

पंचमीनंतर तीन आठवड्यांनी, पोळ्याच्या दोन दिवस आधी, आई गेली. लोहाऱ्यापासून माझं माहेरचं गाव सहा किलोमीटर. मी धाराशिवहून निघून, एसटी बदलून, पुढं जीपनं पोहोचले तोवर दुपारचे दोन वाजले होते. माझ्यासाठी थांबले होते. लेकीचं रडं कानावर पडल्याशिवाय मढं उचलायचं नाही, ही आमच्या गावची रीत. लेक वेशीवरच हेल काढते, घरातल्या बायका आपलं रडणं थांबवतात आणि तिला वाट देतात. तिच्या हेलात आईनं काय काय केलं ते सगळं यावं लागतं, आणि म्हाताऱ्या बायका ते ऐकून लेकीचं मोल ठरवतात. वर्षानुवर्षं त्या सांगत असतात, अमकीची लेक कशी रडली, तमकीची कशी. मी जीपमधून उतरले. घरातलं रडणं थांबलेलं मला ऐकू आलं. सगळं गाव माझ्यासाठी गप्प झालं होतं. मी तोंड उघडलं. दीड बोट. नाकातून एक कण्हल्यासारखा आवाज आला, कळ कानात गेली, आणि पुढं काही नाही. आमच्या शेजारच्या कोंडाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, गावातल्या प्रत्येक मयताला पहिला सूर धरणाऱ्या, त्या पुढं आल्या, माझ्या गळ्यात हात टाकला आणि मला सुरुवात करून दिली, "माझे हरणे गंऽऽ, लेक आली गं तुझीऽऽ." आणि थांबल्या. पुढची ओळ माझी होती. त्या थांबूनच राहिल्या. मग त्यांनी मान मागं घेऊन माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

आईच्या हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलं होतं, जबडा सैल पडू नये म्हणून. मी तिच्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून उशीत गेलं. माझा धाकटा भाऊ उत्तरेश्वर समोर उभा होता, डोळे सुजलेले. मागं कोंडाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "शिकल्याली लेक हाय. तोंड कशाला उघडंल." ते मी ऐकलं आणि त्यानंही ऐकलं. दहाव्याला, तेराव्याला तो माझ्याशी कामापुरतं बोलला. भाऊबीजेला मी ताट करून संध्याकाळी सातपर्यंत बसले, तो आला नाही. येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, आमच्याकडं परक्या वाटसरूलासुद्धा रानात बोलावून आंबील पाजतात. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय बोलायचं ठरवायचे आणि दात दातांवर बसायचे. ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, ज्याच्या तोंडात मी चिमणीचा नि कावळ्याचा घास घातला, त्या माणसाच्या लेखी मी आईच्या मढ्यावर न रडलेली बाई होते. हे माझ्यानं सोसवत नव्हतं.

म्हणून या गुरुवारी मी त्या खुर्चीत आडवी झाले. "कापायचं काही नाही, टाका नाही," डॉक्टर म्हणाले, "कानापुढं दोन सुया. एकीतून सलाईनचं पाणी सांध्यात सोडायचं, दुसरीतून ते बाहेर येतं. आत जे साचलंय ते धुऊन निघतं आणि अडकलेलं सैल होतं. अर्धा तास." कानापुढची जागा त्यांनी पुसली, निळी खूण केली, भूल टोचली. गालाचा उजवा भाग आधी गरम झाला, मग माझा राहिला नाही. पहिली सुई गेली ते फक्त दाबलं गेल्यासारखं कळलं. मग पाणी. कानाच्या अगदी आत, जिथं आपल्याशिवाय कुणी नसतं तिथं, भरत गेल्यासारखं वाटलं, दडपण वाढलं, आणि दुसऱ्या सुईतून ते वाटीत थेंबथेंब पडायला लागलं. तो आवाज मला दोन्हीकडून ऐकू येत होता, आतून आणि बाहेरून. नर्स म्हणाली, "काही दुसरं आठवा मावशी, वेळ जाईल." दुसरं काय आठवणार? मला आखिती आठवली, अक्षय्य तृतीया. ती मी आठ महिने आठवत नव्हते.

आखितीच्या आधी आठ दिवस आईचा फोन आला होता. ती फोनवर नेहमी ओरडून बोलायची, त्या दिवशी हळू बोलत होती. "द्वारके, मला चार म्हैने तुझ्याकडं ने गं." मी म्हटलं, "का, काय झालं? वहिनी काही बोलली का?" "न्हाई गं, सून लई चांगली हाय. कुणी काय बोलत न्हाई. तेच तर. दिसभर कुणीच काय बोलत न्हाई. तो रानात, ती तिच्या कामात. तुझ्यापाशी बसावं वाटतंय." आणि मग, जरा थांबून, "पर म्या म्हणले असं सांगू नको. तूच म्हण, मला आई पायजे म्हणून. तू मागितलं की त्यो देईल. म्या आपणहून निघाले तर गाव त्याला नावं ठेवंल." हीसुद्धा रीतच. लेकीनं आईला मागून न्यायचं असतं. आई आपल्या पायानं लेकीच्या दारी गेली की लोक लेकाच्या तोंडावर थुंकतात. आईला दोघांचीही अब्रू राखायची होती. मी म्हटलं, "आखितीला येते तेव्हा बोलते." ती म्हणाली, "बरं." एवढा आनंद मी त्या एका शब्दात कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी सुईची दिशा जराशी बदलली. पाणी पुन्हा भरलं. आखितीला मी गेले. आमरस होता, सांज्याच्या पोळ्या होत्या. तेव्हा माझं तोंड छान उघडत होतं, मोठे मोठे घास घेत होते, कट्ट कट्ट वाजत होतं. उत्तरेश्वर शेजारी बसून वाढायला लावत होता, "आक्का, अजून एक. तिथं कुठं मिळतंय असं?" आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. जेवत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी प्रत्येक घास गिळला की तिला वाटायचं आता बोलेल. आता. मी पाणी प्यायले. उन्हाळा फार आहे म्हटलं. वहिनीच्या नव्या गॅसची चौकशी केली. आमच्या दोन खोल्या, अर्पिताची बारावी, नवऱ्याची बदली लातूरला झालेली, सकाळी सातला नळ, नवाला मी बाहेर, आणि दिवसभर आई एकटी दाराकडं बघत बसलेली, मग रात्री तिला सगळं बोलायचं असणार, आणि मला झोप आलेली असणार. हे सगळं मी घासागणिक मोजलं. उत्तरेश्वरला वाईट वाटेल, असं मी मनाला सांगितलं. गाव काय म्हणेल, असंही सांगितलं. चारची जीप आली. आई वेशीपर्यंत आली, काठी टेकत. मी पाया पडले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि काहीही विचारलं नाही. जीप वळली तेव्हा मला मोकळं वाटलं. अगदी मोकळं. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर तिचे फोन यायचे, पण ती पुन्हा ओरडून बोलायला लागली होती. "बरी हाय. तू बरी हाय न्हवं? ठिवते." तीन वाक्यं. पंचमीला ती मला बोलायची संधी देईल की काय, या भीतीनं मी ऑडिट काढलं. मग वाजायचं थांबलं. मला कधी कधी वाटायचं, जबडा अडकला ते एका अर्थी बरंच झालं. आईच्या मढ्यावर मी काय हेल काढणार होते? आईनं काय काय केलं ते सगळं सांगताना शेवटी या गोष्टीपाशी आलेच असते ना? की तेव्हाही उन्हाळा फार आहे म्हटलं असतं? पण हे मध्यरात्रीचे विचार. सकाळी मला पुन्हा तो कागदच पाहिजे असायचा.

"आता मी जबडा धरतो, तुम्ही आवळून धरू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातमोज्यातला अंगठा माझ्या खालच्या दाढांवर ठेवला, खाली दाबलं, पुढं ओढलं. सोडलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी आत कुठंतरी काहीतरी सुटलं. दुखलं नाही, आवाजही फारसा झाला नाही. "उघडा," ते म्हणाले. मी उघडलं, आणि ते उघडतच गेलं. ओठांच्या कडा ताणल्या, थंड हवा पार घशापर्यंत गेली. मला माझी लाज वाटली, इतकं ते उघडलं. "छत्तीस," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. अर्पिता रडायला लागली. नर्सनं सुया काढून कापूस दाबून धरला, चिकटपट्टी लावली. दोन आठवडे मऊ खायचं, दिवसातून सहा वेळा व्यायाम, मोठी जांभई नाही, ओरडायचं नाही. "जोरात रडायचंसुद्धा नाही बरं का," डॉक्टर गमतीनं अर्पिताला म्हणाले. मी त्यांच्याकडून सगळं लिहून घेतलं, तारखेसकट, श्रावणापासून तोंड बंद असल्याचं. त्यांना जरा नवल वाटलं, पण दिलं लिहून.

रविवारी मी ती फिल्म आणि कागद पिशवीत घालून निघाले. अर्पिता येते म्हणाली, तिला मी नको म्हटलं. लोहाऱ्यात जीपमध्ये गावचे दोघंतिघं भेटले, पट्टीकडं बघून "काय झालं आक्का" म्हणाले, मी सगळ्यांना सविस्तर सांगितलं. सांधा, चकती, सुया. मला वाटतं मी थोडी जास्तच बोलले. खरं तर मी सराव करत होते. गावात उतरले तर रस्त्यावर कुणी नव्हतं, ज्वारी पोटरीत आलेली, माणसं रानात. उत्तरेश्वर गोठ्यापुढं कडब्याच्या पेंढ्या सोडत होता. मला बघून त्यानं हात झटकले, उभा राहिला. पाणी आणायला घरात हाक मारायची, ती त्यानं मारली नाही. वहिनी आत भांडी घासत होती, तो आवाज येत होता.

"उत्तरेश्वरा, माझं तोंडच उघडत नव्हतं," मी म्हटलं. किती दिवस ठरवत होते, आणि बसा नाही, उठा नाही, आल्या आल्या हेच. "आई गेली तेव्हा. बघ, डॉक्टरांनी लिहून दिलंय." मी फिल्म काढली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून सूर्यासमोर केली, कडब्याची कुसं चिकटलेल्या बोटांनी. बराच वेळ बघितली. मी पुढं होऊन बोट लावलं, "ही चकती. ही इथं अडकली होती. दीड बोट उघडत होतं फक्त. मला रडायचं होतं रे. कोंडाबाई म्हणाल्या ते खोटं आहे."

त्यानं फिल्म खाली घेतली, नीट पाकिटात घातली आणि मला परत दिली. "मला ठाव हाय, आक्का," तो म्हणाला. "त्या दिशी तुला पाणी पाजत हुतो तवाच बघितलं म्या. दात उघडत नव्हते तुझे. म्या काय आंधळा हाय?"

"मग?" मी म्हटलं. "मग भाऊबीजेला का नाही आलास?"

तो खाली बसला, पेंढीवर. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आखितीला तर उघडत हुतं." मी पाकीट पिशवीत घातलं. "चार पोळ्या खाल्ल्यास. आई म्हणली नव्हती मला काय, ती कशाला म्हणंल. पर आखितीच्या आदल्या दिशी तिनं दोन लुगडी धुऊन घड्या घातल्या, चष्म्याचं घर घेतलं, गोळ्या घेतल्या, सगळं एका पिशवीत घालून बाजेखाली ठिवलं. मला वाटलं, आता आक्का मागणार. म्या काय बोलायचं ते बी ठरवलं हुतं. घिऊन जा म्हणायचं, पर दिवाळीला आणून सोड, माझं बी घर हाय." त्यानं एक काडी उचलली, मोडली. "तू गेलीस. सांजच्याला तिनं पिशवी काढून लुगडी परत दोरीवर टाकली. वाळल्यालीच हुती. एक शब्द टाकायचा हुतास, आक्का. म्या नको म्हणलो असतो का? तू लाजलीस का माझ्यापुढं?"

त्याला खरंच वाटत होतं, की मी लाजले. आठ महिने तो मला त्याच एका गोष्टीसाठी बोल लावत होता, की आक्कानं मला परकं मानलं, माझ्यापुढं हात पसरायला लाजली. तो माझ्याबद्दल इतकंच वाईट धरू शकत होता. मी हो म्हणायचं होतं. लाजले रे, चुकले, म्हणायचं, आणि त्यानं मला माफ केलं असतं. जेवून, मऊ भात खाऊन, संध्याकाळच्या जीपनं मी परत गेले असते, आणि पुढच्या भाऊबीजेला तो आला असता. माझं माहेर मला परत मिळत होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

मी तोंड उघडलं. कुठं अडलं नाही, कळ आली नाही. "मला नको होती रे," मी म्हटलं. "त्या दिवशी मला आई नको होती. मी मुद्दाम नाही बोलले. जीपमध्ये बसल्यावर मला बरं वाटलं." आवाज मोठा झाला होता, आत भांडी घासायचं थांबलं. "उत्तऱ्या, मला बरं वाटलं रे, ती मागं उभी होती आणि मला..."

तो एकदम उठला आणि त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. आधी दाबून, मग जरा सैल. "गप," तो म्हणाला. "गप, आक्का. असं बोलू न्हाय. आत ऐकू जाईल." मी आणखी सांगायला लागले तसं तो मान हलवत राहिला, न्हाय, न्हाय, आणि त्याचेच डोळे वाहायला लागले. त्यानं हात काढला नाही. मी त्या हाताच्या आतच आईसाठी रडायला सुरुवात केली.